‘अपेस’ या इंग्रजी क्रियाविशेषणाचा नेमका अर्थ आणि वापर : मदत हवी आहे

नमस्कार.

बोरघाटातील रेल्वेमार्गाच्या बांधणीवरील एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करताना एका शब्दापाशी अडकलो आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते काम पुढे नेले, एवढे सांगून लेखक लिहितो की काम ‘कंटिन्यूड अपेस’. याचा अर्थ ‘काम पूर्वीच्याच वेगाने चालू राहिले’ असा घ्यावा, की ‘काम वेगाने चालू राहिले’ असा?

पहिल्या अर्थाने कंत्राटदाराच्या मृत्यूमुळे कामाची गती मंदावली नाही इतकेच समजते. दुसऱ्या अर्थाने मात्र तेथे कामाचा धडाका चालू होता, असे लेखकाला म्हणायचे आहे असे ठरते. १८५६ मध्ये सुरू झालेला हा घाटमार्ग १८६३ मध्ये गाड्यांना खुला झाला, त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही विधाने खपून जातात आणि संदर्भावरून निकाल लागत नाही.

माझा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. शब्दाच्या पोटात ‘पेस’ असल्यामुळे ‘त्याच चालीने’ असे वाटते खरे, परंतु ‘इल वीड्स ग्रो अपेस’ या जुन्या म्हणीत, म्हणजे तण माजायला वेळ लागत नाही अशा अर्थाच्या वाक्यात, ‘त्याच चालीने’ मुळीच बसत नाही. पुढे ‘विथ’ किंवा ‘ऑफ’ आल्यास ‘बरोबरीने’ असा अर्थ काही कोश देतात. माझ्या वाक्यात तसे काही नाही.

वापराविषयीही एक शंका आहे. हा शब्द क्रियापदानंतर येतो आणि आजच्या इंग्रजीत तो बहुधा काम, वाढ, तयारी, बदल अशा गोष्टींना लागतो, असे मला वाचनात आढळले. शेक्सपिअरने घोड्यांना ‘अपेस’ दौडायला सांगितले असले, तरी धावणाऱ्या माणसाविषयी आज कोणी तसे लिहील असे वाटत नाही. ही मर्यादा खरोखरच आहे का, की माझेच वाचन तोकडे आहे?

मराठी प्रतिशब्दाचे त्रांगडे वेगळेच आहे. ‘वेगाने’ चुकीचे नाही, पण फिके वाटते. ‘जोमाने’ या शब्दात काम करणाऱ्यांचा उत्साह डोकावतो, आणि ज्या घाटात साथीच्या रोगांनी असंख्य मजूर दगावले तेथे तो मला खटकतो. ‘धडाक्याने’ म्हटले की निवडणुकीचे पत्रक वाचल्यासारखे होते. म्हणून तूर्तास ‘काम झपाट्याने पुढे सरकत राहिले’ असे लिहिले आहे. मात्र ‘झपाट्याने’ आणि ‘राहिले’ एकाच वाक्यात नांदतात का, याची खात्री वाटत नाही. इंग्रजी–मराठी अनुवादाचा अनुभव असलेल्यांनी कृपया पर्याय सुचवावेत, आणि शक्य असल्यास ‘अपेस’ असलेली आजच्या इंग्रजीतील एकदोन वाक्ये मराठी रूपासह द्यावीत.