उधाणाच्या आधी: मुंबईत वेसाव्याच्या (वर्सोवा) खाडीकाठचा सोसायटी ग्रुप

ए-०३: नमस्कार मंडळी. आम्ही डिसेंबरात राहायला आलो, खाडीकाठचा हा पहिलाच पावसाळा. तळमजला आहे. जूनच्या आत काय काय करून घ्यायचं?

डी-४०१ काका: आधी भरती ओळखायला शिका. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर ५ ची पाऊणपट, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. दुसरी साधारण साडेबारा तासांनी. वद्य पक्षात पुन्हा १ पासून मोजा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, नेमकी वेळ टाइड टेबलात बघा. सगळ्यात मोठं पाणी मात्र पुनवेनंतर किंवा अवसेनंतर एक-दोन दिवसांनी चढतं. पावसाळ्यात हे मोठं उधाण दुपारचं येतं, थंडीत रात्रीचं. डिसेंबरात तुम्ही झोपेत असणार.

बी-२०३ सेक्रेटरी: साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी महापालिका दरवर्षी काढते. आली की पिन करते.

ए-०३: म्हणजे भिंतीवरून पाणी आत येतं?

डी-४०१ काका: भिंतीवरून नाही हो, गटारातून. आपल्या पावसाळी गटाराचं तोंड भरतीच्या पातळीखाली आहे. तिथे लोखंडी झडप आहे. खाडी चढली की तिच्याच दाबाने ती मिटते. फटीत पिशवी किंवा नारळाची शेंडी अडकली तर बोटभर उघडी राहते आणि खाडी आत. नीट मिटली तरी सुटका नाही, कारण मग पावसाचं पाणी आतच तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, त्याच दुपारी भरतीही मोठी होती. शहराचं पाणी जाणार कुठे?

बी-२०३ सेक्रेटरी: रविवारी ओहोटीला झडप साफ करायची आहे. काका, क्रम सांगून ठेवा.

डी-४०१ काका: कडेवरची कालवं पत्र्याने खरवडायची, हातमोजे घालून, कापतात ती. रबराची पट्टी कडक झाली असेल तर बदलायची. बिजागरीला मरीन ग्रीस. साधं ग्रीस खाऱ्या पाण्यात टिकत नाही. मग भरतीला, पाऊस नसताना, आतल्या चेंबरात बघायचं. पाणी चढतंय म्हणजे झडप गळतेय. पंपाच्या खड्ड्यात बादल्या ओतून फ्लोट, म्हणजे पंप चालू करणारा तरंगता स्विच, वर येतो का बघा, बऱ्याचदा तो वायरीत अडकलेला असतो. पंपाची माणसं भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास हजर हवीत.

सी-३०२: ए-०३, खिडक्याही बघा. स्लाइडिंगच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. रेती आणि मीठ बसून ती बुजतात, मग पट्टी भरून पाणी सोफ्यावर. जुना टूथब्रश, तांब्याभर पाणी, काम झालं.

सी-३०२: आणि ग्रिल रंगवताना पेंटरच्या डोक्यावर उभे राहा. आधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढायचं, वाळवायचं, मग तारेचा ब्रश, त्याच दिवशी झिंकवाला इपॉक्सी प्रायमर, वर दोन हात. मिठावरच रंग मारला की दिवाळीपर्यंत फोड. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच मागा. दुकानदार ३०४ चे देतो, त्यांवर चहासारखे डाग पडतात.

ए-०३: एसीचं बाहेरचं युनिट?

सी-३०२: महिन्यातून एकदा, मेन स्विच बंद करून, गोड्या पाण्याने हलक्या धारेने. जोराचा फवारा मारला की पत्र्या वाकतात.

ए-०२ मावशी: सगळं लोखंडच बोलताय, आगोटचं, पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवायचं, कोण बोलणार? १ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. बोंबील, जवळा कुणाला किती, शनिवारपर्यंत सांगा. बोंबील वलांडीवरचेच, म्हणजे वाळवायच्या मांडवावरचेच आणते, जबड्यात जबडा अडकवून वाळवलेले, बिनमिठाचे.

ए-०३: मावशी, आम्हालाही चालेल. पण ठेवायचं कसं? बुरशी येते म्हणतात.

ए-०२ मावशी: येणारच, गरम असताना डब्यात भरलं तर. आतल्या आत घाम सुटतो ना बाय. बोंबलाचं डोकं, शेपूट, पर कापायचे, तीन तुकडे करायचे, एक कडक ऊन द्यायचं. सावलीत पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाचा डबा. जवळा आधी चाळायचा, त्यात रेती आणि बारके शिंपले असतात. मग बिनतेलाचा मंद भाजून, थंड करून बरणीत. ओला हात घालायचा नाही. खारा बांगडा गुलाबी पडला तर टाकून द्यायचा, धुऊन खायचा नाही.

सी-४०४: सुकवणं गच्चीवरच होणार ना? गेल्या वेळचा वास अजून आठवतो 😷

बी-२०३ सेक्रेटरी: यंदा फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात. मे महिन्यात दिवसा वारा समुद्राकडून, वास रस्त्याकडे जातो. कावळ्यांसाठी जाळी, पाचच्या आत सगळं खाली. टाकीच्या झाकणावर काही पसरायचं नाही.

सी-४०४: चालेल. मावशी, माझा अर्धा किलो जवळा लिहा.

ए-०२ मावशी: 😄 लिहिला. ताजी मासळी आता ऑगस्टात. बंदी १ ला उठली तरी आमच्याकडचे बरेच जण नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊनच होड्या लोटतात. पहिल्या मासळीचा वाटा ए-०३ कडे, नवीन आहेत.

डी-४०१ काका: आणि जुन्या रहिवाशांना?

ए-०२ मावशी: तुम्ही आधी झडप साफ करा.

ए-०३: रविवारी मी येतो काका. हातमोजे कुठले आणू?

डी-४०१ काका: जाड रबरी, कोपरापर्यंतचे. नऊला गेटवर.