इलेक्ट्रॉनिक शटर कधी, मेकॅनिकल कधी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
डीएसएलआर सोडून मिररलेस घेतलाय आणि शटर टाइपच्या मेनूत अडकलेय. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक असे तीन पर्याय आहेत. मी जास्त करून नाटक, नाच, गाणं असं स्टेजवरचं काढते, अधूनमधून उडणारे पक्षी. गाणं संथ चालू असताना शटरचा खटका आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जातो, त्यामुळे सायलेंट मोड (म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक) बघून फार आनंद झाला होता, पण एलईडी लाइटखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि गिरकी घेणाऱ्या नर्तकीचा हात भलतीकडेच वाकलेला दिसतो. शटर स्पीड १/२००० होता, तरीही!

एवढ्या स्पीडला हालचाल गोठायला हवी ना, मग हात वाकडा का? आणि डीफॉल्ट काय ठेवू? फक्त "मेकॅनिकलच वापर" असं सांगू नका प्लीज, तो आवाज मला खरंच चालत नाही.

प्रतिसाद १
हात गोठलाच आहे, म्हणूनच तो धूसर नाही, वाकडा आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एकदम वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतात. प्रत्येक ओळीला प्रकाश १/२००० सेकंदच मिळतो, पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात बऱ्याच साध्या सेन्सरवर १/१५ ते १/३० सेकंद जातात. झेरॉक्स मशीनवर दिवा सरकत असताना कागद हलवला तर अक्षरं तिरकी येतात, अगदी तसंच. शटर स्पीड कितीही वाढवा, हे वाकडेपण जात नाही. मेकॅनिकलचे पडदे साधारण १/२५० सेकंदात पूर्ण फ्रेम पार करतात, म्हणून तिथे सहसा जाणवत नाही.

म्हणजे सगळा खेळ तुमच्या सेन्सरच्या रीडआउटचा, म्हणजे तो पूर्ण वाचायला लागणाऱ्या वेळेचा आहे आणि तो घरीच मोजता येतो. मेन्सवर लुकलुकणारा एखादा दिवा शोधा, त्याच्या उजेडात कोऱ्या भिंतीचा इलेक्ट्रॉनिक शटरने १/१००० ला फोटो काढा आणि पट्टे मोजा. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणजे एक उजळ आणि एक काळा पट्टा मिळून १० मिलिसेकंद. अशा पाच जोड्या दिसल्या तर रीडआउट ५० मिलिसेकंद, म्हणजे १/२०. इतका हळू असेल तर नाच आणि पक्ष्यांचे पंख मेकॅनिकलवरच काढा, तिथे तडजोड नको. स्टॅक्ड, म्हणजे खूप वेगाने वाचल्या जाणाऱ्या सेन्सरवाल्यांना ही चिंता बरीच कमी, निकॉनने तर २०२१ च्या झेड९ मध्ये मेकॅनिकल शटर ठेवलंच नाही.

गाणारी व्यक्ती फारशी हलत नाही, तिथे इलेक्ट्रॉनिक बिनधास्त. पट्ट्यांसाठी आधी १/१०० किंवा १/५० वर या. स्टेजच्या एलईडीची लुकलुक वेगळ्या फ्रिक्वेन्सीची असते, त्यामुळे तेवढ्याने भागेलच असं नाही. कॅमेऱ्यात शटर स्पीड अगदी बारीक पायऱ्यांनी बदलायची सोय असेल तर पट्टे नाहीसे होईपर्यंत फिरवत बसा, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण डीफॉल्ट म्हणून मी इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन सुचवेन. सुरुवात इलेक्ट्रॉनिक आणि शेवट खऱ्या पडद्याने, त्यामुळे १/३० ते १/२०० च्या दरम्यान पहिल्या पडद्याच्या धक्क्याने येणारी सूक्ष्म हलकी धूसरता टळते आणि आवाजही थोडा कमी होतो. एफ १.४ सारखं अपर्चर उघडं ठेवून १/२००० च्या वर गेलात तर मात्र मागचे धूसर गोळे कापल्यासारखे दिसू लागतात, तिथे पूर्ण मेकॅनिकल. फ्लॅशलाही मेकॅनिकलच, बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिकवर फ्लॅश चालतच नाही. आणि काही मॉडेल इलेक्ट्रॉनिकवर १४ ऐवजी १२ बिट रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) देतात, नंतर फोटोतले काळोखे भाग खूप उजळणार असाल तर मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार, वाकड्या हाताचं कोडं सुटलं. भिंतीचा प्रयोग आज रात्रीच करते. फर्स्ट कर्टन डीफॉल्ट आणि सायलेंट एका कस्टम बटणावर असं लावतेय. एकच राहिलं, संथ गाण्यातही तबलजींचे हात तर वेगात असतात, तिथे सायलेंटवर काढताना बोल पडून हात क्षणभर टेकलेला असतो तेव्हाच क्लिक करायचं का? कोणी असं नेहमी काढत असेल तर सांगा.