डोक्याला लागलं, मुलगा म्हणतो ‘मी ओके’. तरी डॉक्टरचं पत्र लागतंच का?

रेडमंडची आई:
मुलगा १२ वर्षांचा, इथे अमेरिकेत एका क्लबकडून सॉकर खेळतो. शनिवारी हेडरसाठी दोघं एकदम उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. बेशुद्ध वगैरे काही नाही, लगेच उठला. पण स्कोअर विचारला तर दोन गोल मागचा सांगितला. कोचने तिथेच बाहेर बसवलं आणि आता म्हणतो, डॉक्टरचं पत्र आणल्याशिवाय प्रॅक्टिसलाही उभं करणार नाही. रविवारी डोकं दुखत होतं, कालपासून मात्र चिरंजीव ठणठणीत. या शनिवारी टूर्नामेंट आहे. पुण्याहून सासरे आलेत, त्यांचं म्हणणं, ‘आम्ही आंब्यावरून पडायचो आणि संध्याकाळी विटीदांडूला हजर!’ क्लब नुसता अंग काढून घ्यायला कागद मागतोय का?

मैदानी काका:
ताई, मी अंडर-१२ मुलींचा कोच आहे, हौशी. हे कोचच्या मर्जीवर नाहीच. आपल्या वॉशिंग्टन राज्यात २००९ पासून कायदा आहे. २००६ मध्ये मेपल व्हॅलीचा झॅकरी लिस्टेड, वय १३, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल मॅचमध्ये डोक्यावर आपटला आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळायला उतरला. मॅच संपता संपता कोसळला. मेंदूत रक्तस्राव, तातडीची शस्त्रक्रिया, पुढे कित्येक महिने बोलणं बंद. कायद्याला त्याचंच नाव आहे. कन्कशनची (डोक्याला मार लागून मेंदूच्या कामात होणाऱ्या बिघाडाची) शंका आली की त्या दिवशी खेळ बंद, आणि परत यायला जाणकार वैद्यकीय व्यक्तीची लेखी परवानगी. सीझनच्या सुरुवातीला तुम्ही आणि मुलाने एका फॉर्मवर सह्या केल्या असतील, त्यात हेच होतं. (तो फॉर्म कोणी वाचत नाही, हेही मला ठाऊक आहे.)

आणि ‘मी ओके’वर जाऊ नका. टूर्नामेंट तोंडावर असताना कुठलं पोर सांगेल की डोकं दुखतंय? माझ्या टीममधली एक तर उन्हाकडे बघवत नसताना ‘फाइन, फाइन’ करत होती. बाहेर बसवलं तर दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. चालतं. म्हणून तर हा निर्णय मुलावर, कोचवर किंवा आईबाबांवर सोडलेला नाही.

फिजिओ ताई:
स्कोअर चुकला हेच मोठं लक्षण. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपत नाही आणि सीटी स्कॅनही नॉर्मल येतो, त्यामुळे ‘स्कॅन क्लिअर’ म्हणजे खेळायला क्लिअर नव्हे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायचे, आता तसं सांगत नाहीत. पहिले एक-दोन दिवस स्क्रीन कमी, थोडं चालणं-फिरणं, मग हळूहळू शाळा. शाळा पूर्ववत झाल्याशिवाय मॅच नाही. खेळातही पायऱ्या असतात: आधी हलका व्यायाम, मग धावणं, मग धक्का न लागणारा सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण प्रॅक्टिस आणि शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्यामुळे उद्या पत्र मिळालं तरी शनिवार जमणं कठीण. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलणं अडखळणं, झटके किंवा उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर थेट ९११ (इथला इमर्जन्सी नंबर).

नाशिकचा बाबा:
आमच्याकडे क्रिकेट अकादमीत हेल्मेट सक्तीचं, पण बॉल लागल्यावर पुढे काय, याचा कागद मी अजून पाहिलेला नाही. टीव्हीवर २०१९ पासून कन्कशन सबस्टिट्यूट बघतोय, जडेजाच्या जागी चहल उतरला तेही पाहिलं. मैदानावरच्या पोरांना मात्र ‘पाणी मार, उभा राहा’. काका, तुमचा तो फॉर्म इथे टाकता येईल का? आमच्या सरांना दाखवतो.

मैदानी काका:
टाकतो. सीडीसीचं (अमेरिकन सरकारची आरोग्य संस्था) ‘हेड्स अप’ ट्रेनिंगही ऑनलाइन फुकट आहे, सरांना तेच करायला लावा.

रेडमंडची आई:
गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली. शनिवार रद्द, घरात रडारड चालू आहे. सासऱ्यांना झॅकरीचं वाचून दाखवलं, तेव्हापासून तेच नातवाचा टॅबलेट लपवून ठेवतायत. काका, टीमबरोबर मैदानावर नुसता बसला तर चालेल ना?

मैदानी काका:
खुशाल येऊ दे, टीमचा टी-शर्ट घालून. फक्त वॉर्म-अपच्या वेळी नजर ठेवा, समोर बॉल आला की पाय राहवत नाही.