मदत हवी आहे: १६ फुटी ट्रेलरमध्ये टीव्हीचा सिग्नल

मंडळी, आम्ही व्हर्जिनियात राहतो. यंदा जुना, १६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं छोटं घर) घेतला. घराच्या अंगणात अँटेना लावून स्कॅन केलं की भरपूर चॅनेल्स दिसतात. पण शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडला गेलो आणि टीव्हीवर नुसतं ‘नो सिग्नल’! जागा जवळपास ३५०० फुटांवर, म्हणजे उंचीचा फायदा मिळायला हवा होता. पण आमच्याभोवती दाट झाडी, आणि ओली पानं सिग्नल खातात म्हणे.

आत ठेवायचा चपटा अँटेना ॲल्युमिनियमच्या भिंतींमुळे निकामी, हे कळलं. छतावरच्या अँटेनाच्या ॲम्प्लिफायरचं (सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचं) बटण बंदच होतं, हे घरी परतल्यावर दिसलं (बायको अजून हसतेय). तिथे वीजजोडणी नाही, सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर.

आता प्रश्न. ॲम्प्लिफायर चालू केल्यावर भागेल, की टॉवरच्या दिशेला वळवता येणारा अँटेना खांबावर चढवू? खांब किती उंच? लांब केबलमध्ये सिग्नल किती पडतो? डिश नको, झाडांतून आकाशच दिसत नाही. बाबा भारतातून आलेत, त्यांना रोज संध्याकाळी हवामान बघितल्याशिवाय जेवण जात नाही. कुणी डोंगरात असं जमवलंय का?