मदत हवी आहे : खारपाणपट्ट्यातल्या विहिरींवर रसायन आणि इतिहास मिळून एकच प्रकल्प कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

मी अकोला जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी मैत्रीण तिथेच बी.ए. इतिहास करते. दोघींना मिळून एकच संशोधन प्रकल्प करायचाय आणि तो मांडायचा कसा, इथे घोडं अडलंय.

विषय आमच्या पायाखालचाच आहे. पूर्णा नदीच्या अंगाने अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत गाळाच्या जमिनीचा जो पट्टा आहे, तिथलं भूजल खारं; यालाच खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळी, कसदार. पण विहिरीचं पाणी ओलिताला दिलं की ती चोपण होते (घट्ट होते, पाणी मुरत नाही), म्हणून विहीर असूनही शेती कोरडवाहू. वान धरणावरची ८४ खेडी योजना आली, नळ आले, तशा कितीतरी विहिरी पिण्यातून सुटल्या. म्हाताऱ्या बायकांना मात्र त्या अजून तोंडपाठ आहेत : कोणती प्यायची, कोणती वापरायची, कोणती नुसती गुरांची. एका आजींनी विहिरीकडे बोट करून सांगितलं, "हिच्या पाण्यात डाय (डाळ) शिजत नाई व माय."

आम्हाला पाहायचंय ते हे की बायकांनी लावलेली ही प्रतवारी आणि प्रयोगशाळेतले आकडे जुळतात का. आणि जिथे जुळत नाहीत तिथे का नाही? मधल्या काळात पाणी बदललं, की ती विहीर कोणत्या वस्तीची होती यावरून वाईट ठरली? मैत्रिणीचा भर या दुसऱ्या शक्यतेवर आहे आणि मलाही ते पटतं. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. पाणवठ्यावर कोणी भरायचं आणि कोणी नाही हे आमच्या भागातही जुन्या लोकांच्या आठवणीत आहे. ते सोडून नुसते क्षार मोजले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

अडचण अशी की रसायनाचे सर म्हणतात मुलाखती परिशिष्टात टाका, आणि इतिहासाच्या मॅडम म्हणतात आकडे परिशिष्टात टाका. 'आविष्कार'ला (विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला) पाठवायचं तरी मानव्यविद्या की मूलभूत विज्ञान, एकच गट धरावा लागतो. असा जोडप्रकल्प कोणी केला किंवा करून घेतला असेल तर प्रकरणांची मांडणी कशी केलीत ते सांगा. मार्चमध्ये द्यायचाय, त्यामुळे पावसाळ्याआधीचे नमुने मिळणार नाहीत. तेवढ्याने प्रकल्प लंगडा पडेल का? ज्यांना वाचता येत नाही त्यांची संमती कशी घ्यायची?

एक प्रयोगशाळेतलंही विचारते. पाण्याच्या कठीणपणासाठी, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजायला, ईडीटीए टायट्रेशन करतोय (ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडून रंग कधी बदलतो ते बघायचं). काही नमुन्यांत रंग लालसरवरून जांभळ्यावर येऊन तिथेच रेंगाळतो, स्वच्छ निळा होतच नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद :

आधी टायट्रेशन. पाणी फार कठीण असेल तर नमुना डिस्टिल्ड पाण्याने पातळ करून घ्या आणि नंतर त्या पटीने गुणा. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ताजा आहे ना, पीएच १० च्या आसपास राहतो ना, तेही बघा. शेवटचे थेंब सावकाश सोडा.

आता महत्त्वाचं. खारं पाणी आणि कठीण पाणी एकच धरू नका. डाळ शिजत नाही ती कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. डाळीतल्या पेक्टिनला ते घट्ट धरून ठेवतात. खारेपणा सोडियम क्लोराइडचाही असू शकतो. म्हणजे चवीला खारं पाणी डाळीला चालेल आणि चवीला बरं पाणी डाळीला चालणार नाही, असंही होऊ शकतं. तेव्हा बायकांना "कोणती चांगली" असं मोघम विचारू नका. प्यायला कोणती, डाळीला कोणती, कपड्यांना कोणती, असं वेगवेगळं विचारा आणि प्रत्येक कामासाठी विहिरींचे क्रमांक लावून घ्या. मग क्रमांकांची आकड्यांशी तुलना स्पिअरमनच्या सहसंबंधाने (दोन क्रमवाऱ्या किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याने) करता येते. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विद्राव्य घटकांची मर्यादा ५०० आणि पर्यायी स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. कठीणपणाची २०० आणि ६००. त्या रेषाही तक्त्यात दाखवा.

मुलाखती घेणाऱ्या मैत्रिणीला आकडे आधी कळू देऊ नका, नाहीतर प्रश्न नकळत तिकडे झुकतात. संमतीपत्र मराठीत मोठ्याने वाचून दाखवा, तोंडी होकार रेकॉर्ड करा, अहवालात नावं घालू नका. वस्तीचा उल्लेखही जपून, लहान गावात माणूस लगेच ओळखू येतो.

एकाच ऋतूचे नमुने चालतील, फक्त ऋतुबदलावर काही दावा करू नका. जुन्या नोंदींसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात कॉलेजचं पत्र घेऊन जा. प्रकरणं विषयवार पाडण्यापेक्षा विहीरवार पाडा : एक विहीर, तिची आठवण, तिचे आकडे. मग परिशिष्टाचा वादच उरत नाही.

धागाकर्ती :

विहीरवार प्रकरणं! हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. उद्याच सर आणि मॅडम दोघांना दाखवते. अजून एक : बुजलेल्या विहिरींच्या आठवणी मिळतायत पण पाणी नाही. त्या घ्यायच्या की वगळायच्या?