स्टार वॉर्सच्या दीर्घिकेत अजून न सापडलेल्या अंतराळप्रवासी प्रजाती असतील का?

चर्चाप्रस्ताव

स्टार वॉर्स या चित्रपटमालेतली दीर्घिका आपल्याला गजबजलेली वाटते, कारण कथा बहुतेक वेळा गजबजलेल्या ठिकाणीच घडते. माझे मत असे आहे की स्वतःची अंतराळयाने असूनही तिथल्या मोठ्या सत्तांशी, म्हणजे रिपब्लिकशी किंवा नंतरच्या साम्राज्याशी, ज्यांची कधीच गाठ पडली नाही, अशा प्रजाती तिथे नक्कीच असाव्यात, आणि त्याही एकदोन नव्हेत. याचे कारण अंतर नसून मार्ग हे आहे. हायपरस्पेसमध्ये, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास करता येणाऱ्या अवकाशात, शिरण्यापूर्वी अचूक गणित केले नाही तर यान थेट एखाद्या ताऱ्यातून जाईल, असे यानचालक हान सोलो १९७७ च्या पहिल्याच चित्रपटात ल्यूकला बजावतो. म्हणजे बहुतेक प्रवास आधी कोणीतरी तपासून ठेवलेल्या मार्गांवरूनच होतो. मार्गालगतचे ग्रह भरभराटीला येतात आणि थोडा आडबाजूला पडलेला तारा पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या खिजगणतीतही नसतो. त्या दीर्घिकेच्या नकाशात पश्चिमेला असलेल्या ‘अज्ञात प्रदेशा’त तर मार्ग स्थिरच राहत नाहीत. तिथल्या चिस लोकांना याने चालवण्यासाठी विशेष शक्ती लाभलेल्या लहान मुलांवर अवलंबून राहावे लागते. अशा ठिकाणी चिससारखी बलाढ्य सत्ता नांदत असूनही बाकीच्या दीर्घिकेला तिची जेमतेम कुणकुण असते. मग तिच्याहून लहान सत्ता किती असतील?

पहिला प्रतिसाद (विरोधी)

आपण शोध घेणाऱ्याचाच विचार केला आहे. ज्याचा शोध घ्यायचा तोही प्रवासी आहे, हे गृहीत धरलेले नाही. स्वतःच्या ग्रहाबाहेर न पडलेली प्रजाती हजारो वर्षे अज्ञात राहू शकते, हे मला मान्य आहे. अंतराळप्रवासी प्रजाती मात्र स्वतःच बाहेर पडते, इंधन आणि खनिजे शोधते, व्यापार करते, आणि त्यामुळे तिची गाठ पडण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी वाढते. कामिनोचे उदाहरण पाहा. २००२ च्या चित्रपटात जेडाय (विशेष शक्ती लाभलेले शांतिरक्षक योद्धे) यांच्या ग्रंथालयात त्या ग्रहाची नोंद सापडत नाही, आणि नोंद नाही त्या अर्थी तो ग्रहच नाही, असे तिथली ग्रंथपाल ओबी-वान या जेडायला ठामपणे सांगते. पण पूर्वी दूरच्या भागात खनिजे शोधत फिरलेला आणि आता खाणावळ चालवणारा डेक्स एक बाण हातात घेताच तो कामिनोचा असल्याचे ओळखतो. दप्तरात नसलेली गोष्ट फिरत्या लोकांना ठाऊक होती. मला वाटते, हीच त्या दीर्घिकेची खरी रीत आहे.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

कामिनोची नोंद मुद्दाम पुसलेली होती, म्हणजे तो ग्रह हरवलेला होता, न सापडलेला नव्हे. शिवाय तो आउटर रिमच्या, म्हणजे दीर्घिकेच्या ज्ञात भागाच्या बाहेरच्या पट्ट्याच्या, थोडाच पलीकडे आहे. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून आपल्या आकाशगंगेचा हिशेब मांडतो. तिच्यात किमान १०० अब्ज तारे आहेत. दर मिनिटाला एक तारा तपासला, तर सगळे तारे तपासायला सुमारे १ लाख ९० हजार वर्षे लागतील. स्टार वॉर्सची दीर्घिका याच्या जवळपास मोठी असेल, तर रिपब्लिकच्या ‘हजार पिढ्या’ही अपुऱ्या पडतात.

दुसरा प्रतिसाद (विरोधी)

हा हिशेब एकाच यानाचा आहे. दहा हजार याने याच वेगाने कामाला लागली, तर तेच काम १९ वर्षांत उरकते, आणि त्या दीर्घिकेत यानांना तोटा नाही. आता अज्ञात प्रदेशाविषयी. इलम हा जेडायांचा पवित्र ग्रह त्याच प्रदेशात आहे आणि ते तिथे स्फटिकांसाठी पिढ्यान्‌पिढ्या जात होते. पुढे साम्राज्याच्या अवशेषांतून उभ्या राहिलेल्या फर्स्ट ऑर्डर या सत्तेने त्याच ग्रहाचे प्रचंड अस्त्रात रूपांतर केले. एवढी ये-जा आणि एवढी उलाढाल चालू असताना शेजारच्या अंतराळप्रवासी सत्ता कोणाच्याच नजरेस पडल्या नाहीत, हे पटत नाही.

तिसरा प्रतिसाद

दोघांनीही ‘अंतराळप्रवासी’ म्हणजे यान बांधणारे असे धरले आहे. पर्गिल हे महाकाय जीव कोणत्याही यंत्राशिवाय हायपरस्पेसमधून जातात. २०२३ च्या ‘असोका’ मालिकेत तर ते थेट दुसऱ्या दीर्घिकेपर्यंत पोहोचतात. अशा जिवांची ना बंदरे असतात, ना व्यापार, ना संदेश. न सापडलेल्या प्रजातींची यादी कधी झालीच, तर तिच्यात असे जीव अधिक असतील, असे मला वाटते.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

पर्गिलांचा मुद्दा मोलाचा आहे, कारण व्यापारामुळे गाठ पडतेच हा युक्तिवाद त्यांना लागू होत नाही. दहा हजार यानांबद्दल एवढेच म्हणेन की याने कितीही असली, तरी ती सारी ठरलेल्या मार्गांवरच धावतात; संख्या वाढल्याने तोच मार्ग अधिक वेळा तुडवला जातो, नवा भाग तपासला जात नाही. इलमला जाणारी जेडायांची वाटही तशीच आहे. तिच्यावरून शेकडो पिढ्या गेल्या, म्हणून तिच्या दोन्ही अंगांना काय आहे हे कोणी पाहिले, असे होत नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर (विरोधी)

मग त्या न सापडलेल्या प्रजातीही त्याच अडचणीत असणार. जिथे आपल्याला मार्ग काढता येत नाही, तिथे त्यांनाही तो सहज सापडणार नाही, आणि स्वतःच्या ग्रहमालेपलीकडे पोहोचू न शकणाऱ्या प्रजातीला अंतराळप्रवासी म्हणावे का, हे आधी ठरवावे लागेल. चिस लोकांनी तो अडथळा ओलांडला आणि त्यांच्यातला थ्रॉन हा सेनानी अखेर साम्राज्याच्या नौदलात जाऊन पोहोचलाच. ज्यांनी ओलांडला, ते आज ना उद्या पुढे येतात, हे माझे म्हणणे त्यामुळे कायम राहते.