म्हणे वजन उतरवा, अर्धशिशी पळेल!

पेठेतली_सून: काल सिंहगडवाला यांनी इथे लिहिलं, "दहा किलो उतरवा, मायग्रेन आपोआप जाईल. गोळ्या म्हणजे आळशांचे चोचले." अहो, माझं वजन ४६ आहे. त्यातले दहा कुठून काढू? महिन्यातले चार-पाच दिवस खिडकीला चादर लावून पडून असते. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी पोटात ढवळतं.

सिंहगडवाला: ताई, अपवाद असतात. मी दर रविवारी गड चढून ९१ चा ७८ झालो. वर्षभरात डोकं दोनदाच दुखलं. हा अनुभव आहे, पुस्तकी ज्ञान नव्हे.

मेडिकलवाला: अनुभव गडावरच ठेवा. २०१७ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात १२ अभ्यास एकत्र करून निष्कर्ष आलाय, जवळपास २ लाख ८९ हजार माणसांचा. लठ्ठांना मायग्रेनचा धोका २७ टक्के जास्त, आणि किडकिडीतांनाही १३ टक्के जास्त! त्यात मायग्रेनवरच्याच गोळ्या बघा: फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिनने वजन वाढतं, टोपिरामेटने उतरतं. दुखणं आधी की वजन, ते सांगा.

पेठेतली_सून: फ्लुनारिझिनने माझ्या जावेचं सहा किलो वाढलं. वर लग्नात सगळ्यांचे टोमणे, "सुटलीस गं!"

चहाबाज: खरा गुन्हेगार उपास! संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत पोटात काही नाही. आमच्या हिचं डोकं संध्याकाळी साडेसहाला ठणकायला लागतं, घड्याळ लावून घ्या.

सिंहगडवाला: आता बाप्पावर घसरलात? आमच्या आजीने जन्मभर संकष्टी केली, कधी डोकं दुखलं नाही.

चहाबाज: दुखलं तरी सांगणार कुणाला? कपाळाला सुंठेचा लेप लावून चुलीपुढेच बसायची ना?

सिंहगडवाला: ...लेप लावायची खरी. पण खिचडी खाऊन करा की उपास, निर्जळी कोण सांगतं?

चहाबाज: ती साबुदाण्याची? तुपात निथळणारी? आणि वजन आम्ही उतरवायचं!

सिंहगडवाला: खिचडीला नावं ठेवायची नाहीत. तुमच्याकडे दाण्याचं कूट कमी घालतात, त्याला खिचडी काय करणार?

मेडिकलवाला: कूट राहू द्या हो. जाड माणसाचं दुखणं वजन उतरवून हलकं होऊ शकतं, हे मी नाकारलंच नाही. पण उपाशी राहून उतरवायला जाल तर त्यानेच मायग्रेनचा अ‍ॅटॅक येईल. आणि महिन्याला पंधरा-वीस दिवस पेनकिलर नेणारे गिऱ्हाईक आहेत माझे. त्यांचं डोकं आता गोळ्यांनीच दुखतं.

सिंहगडवाला: ठीक. "आळशांचे चोचले" मागे घेतो. वजनाचं नाही घेणार.

पेठेतली_सून: उपकार झाले! आता खरं सांगा काका, गडावर पोचल्यावर पिठलं-भाकरीसोबत कांदाभजीच्या प्लेटी किती?